गंज न चढलेली पट्टी

"साहेब, तुम्ही बाग आत जाऊन पाहिली काय?"

नूपुरनं एका दमात विचारलं. मागे तिच्या मैत्रिणी काजल आणि भैरवी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. "तुझ्याच्यानं नाही होत वं विचारणं," असं काजल पाच मिनिटांपूर्वी म्हणाली होती, आणि नूपुरला तेवढं पुरे असतं.

नोटीस चिकटवणारा महापालिकेचा माणूस वळला. "काय पाहू, बाई? मे महिन्यात दोनदा आलो. दोन्ही बार कुलूप. गेट गंजलेलं, आत कुत्रं नाही. लिहून टाकलं, बाग वापरात नाही." एवढं बोलून त्यानं बोटांना लागलेली खळ माझ्याच अंगाला पुसली.

हो मित्रांनो, माझ्याच. मी एका बागेचा जुना लोखंडी दरवाजा आहे. पोटावर चिकटवलेला कागद मला दिसत नाही. नूपुरनं मोठ्यानं वाचला म्हणून कळलं. बाग मोडून तिथे तीन मजली दुकानं होणार आहेत. कोणाची हरकत असेल तर शनिवारी सुनावणीला येऊन सांगायची. खरं सांगतो, ऐकून मला रागही आला नाही. फार थकलोय मी.

मला खापा गावच्या गोविंदा मिस्त्रीनं घडवलं. दोन पल्ले, वर भाल्यांची टोकं, मध्ये एक रुंद आडवी पट्टी आणि अंगभर हिरवागार रंग. टेम्पोतून नागपूरला आलो त्या दिवशी अख्खी गल्ली मला बघायला जमली होती. पुढची कितीतरी वर्षं मी नीट मिटलोच नाही. पहाटे म्हातारी माणसं यायची, संध्याकाळी पोरं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेली गावोगावची माणसं सावलीत बसून शिदोरी सोडायची आणि समोरच्या घरातल्या अंजनाबाई घरचा माठ आणून त्यांना पाणी पाजायच्या.

आणि तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून बागेत आणायची. एका वर्षी गल्लीतल्या चंपतरावांनी नातीसाठी एवढा थोरला बैल करून घेतला की तो माझ्यातून मावेना. शेवटी माझा एक पल्ला बिजागरीतून उचलून बाजूला ठेवला.

"बैल मोठा झाला का दरवाजा लहान गा, चंपतराव?" कोणीतरी ओरडलं.

"दरवाजा लहान! बैल बराबर आहे!"

सगळी बाग हसली होती. भिंतीला टेकलेला माझा पल्लासुद्धा.

मग बागेत नवीन गवत लावलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. नूपुरचे बाबा वसाहतीच्या समितीचे सचिव. माणूस वाईट नाही, पण गवतावर त्यांचा भारी जीव. "पोट्टे तुडवून राहिले, गाई शिरून राहिल्या," म्हणत त्यांनी मला कुलूप घातलं. सकाळी तासभर उघडायचं ठरलं होतं. पुढे तेही राहून गेलं आणि किल्ली त्यांच्या घरी फ्रिजवर धूळ खात पडली. गवत छान वाढलं. ते पाहायला कोणी नव्हतं. माझ्या अंगावर गंज चढत गेला. दरवर्षी दिवाळीत मला वाटायचं, यंदा तरी रंग मिळेल. पण बाबा यायचे ते फक्त कुलपाला तेल द्यायला.

पण पोरं कधी थांबतात होय? दुपारी मोठी माणसं झोपली की आडव्या पट्टीवर पाय देऊन, भाले चुकवून, धप्पकन आत! माझ्या बिजागऱ्या दुखायच्या. खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढीच वेळ मला बरी वाटायची.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी बाबा आले. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. मागे नूपुरची आई, भावनाताई, जुनी फडकी घेऊन. नूपुर सगळ्यांत शेवटी.

बाबांनी कुलूप काढून खिशात टाकलं. "आज रंग मारून टाकतो. हरकतीत लिहितो, बाग रोज उघडी राहते. कोणाले समजते?"

डबा उघडला. तोच हिरवा वास! इतक्या वर्षांनी! मी अंग ताठ करून उभा राहिलो. ब्रश पट्टीपाशी आला आणि नूपुरनं बाबांचा हात धरला.

"बाबा, इथे गंज काहून नाही?"

"काय वं नूपुर, बाबाले काम करू दे नं," आई म्हणाली.

"आई, तू पाह्य तर खरं. सारा दरवाजा गंजला. हे एकच पट्टी चमकून राहिली." तिनं चप्पल काढली आणि पट्टीवर पाय ठेवला. अगदी नेमका बसला.

बाबा बघतच राहिले. "तू चढत होती?"

"मी, काजल, भैरवी, मागच्या गल्लीतले सारे. दोन वर्षं. तुम्ही जेवून झोपले की."

"भाल्यावर पडली असती म्हणजे?"

"पडली नाही नं!"

भावनाताई पदराआड हसल्या. बाबा मात्र हसले नाहीत. ब्रशवरून एक थेंब त्यांच्या बुटावर पडला.

मित्रांनो, मला रंग हवा होता. आजही हवा आहे. पण त्या एका पट्टीवर पोरांच्या तळव्यांनी जे लिहून ठेवलं होतं, तेच माझ्यापाशी उरलं होतं, आणि ते रंगाखाली गेलं असतं. तुमच्याही गल्लीत बाग असेल. तिच्या दरवाजावरून उड्या मारू नका, पाय मोडेल. तो उघडायला लावा. बंद राहून आम्ही लवकर म्हातारे होतो.

"मग हे शनिवारी लोकांसमोर सांगशील काय," बाबा हळूच म्हणाले, "की कुलूप तुझ्या बापानं लावलं?"

नूपुरनं डब्याचं झाकण उचललं आणि घट्ट दाबून बसवलं.

"रंग सुनावणीनंतर मारू, बाबा. बाग वापरात आहे हे दाखवायला शनिवारी या पट्टीचा फोटो घेऊन मी जाणार आहे. कुलूप आपण लावलं, तेही मीच सांगणार आहे. तुम्ही संगं येता का घरी राहता, ते तुमचं तुम्ही पाहा."