दहाच्या ठोक्याला गुदमरणारा सर्व्हर

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. पंख्यांच्या घरघरीत माझा आवाज हरवतो आणि आजची गोष्ट मला पुटपुटून सांगायची नाही. ती रागाची गोष्ट आहे. राग वाईट, असं सज्जन सांगतात ते खरंच. पण अन्याय पाहूनही ज्याच्या काळजाला चटका बसत नाही, त्याची भक्ती तरी काय कामाची?

मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे सगळ्यांसाठी राबणारा संगणक. एका दवाखान्याच्या तळघरात मी नऊ वर्षं उभा आहे. वर कुणाच्या छातीचा, कुणाच्या मोडलेल्या हाताचा फोटो काढतात, तो माझ्याकडे येतो. डॉक्टर मागतील तेव्हा तो तारेवरून त्यांच्या टेबलावर पोचवायचा, हा माझा धर्म. नवा होतो तेव्हा काय कौतुक! "बटण दाबायचा अवकाश, फोटो हजर," असं डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे.

मग मी मंद झालो. एकेक फोटो उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. "हे डबडं भंगारात घाला!" डॉक्टर ओरडायचे. दवाखान्याचे व्यवस्थापक, म्हणजे आमचे साहेब, तर खाली येऊन मला लाथ हाणून जायचे. लाथेने वेग वाढत असता, तर एव्हाना सगळ्या गाढवांचे घोडे झाले असते!

मला सांभाळायला एक ताई होत्या. तारा, जोडण्या, यंत्रं हेच त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना तारवाल्या ताई म्हणत. साहेबांनी त्यांना बजावलं, "नवं यंत्र मिळणार नाही. महिनाअखेरपर्यंत हेच सुधारा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

"साहेब, निदान चार तारा तरी द्याल?"

"दोन घ्या. आणि तोंड बंद ठेवा."

ताईंनी मला नावं ठेवली नाहीत. माझ्यापुढे मांडी घालून बसल्या आणि तीन दिवस माझा वेग वहीत टिपत राहिल्या. माझी मुख्य तार लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेंगरलेली त्यांना सापडली. रुंद रस्त्याची पायवाट झाली होती. आणि त्या पायवाटेवरून, रोज दहाच्या ठोक्याला, वर रुग्णांची रांग दारापर्यंत लागलेली असताना, सगळ्या फोटोंची दुसरी प्रत शेजारच्या साठवणीच्या पेटीत उतरवायचा मला हुकूम होता!

"साहेब, हे काम नेमकं दहालाच का?" ताईंनी विचारलं.

"कारण मी दहाला येतो. प्रत निघताना मला माझ्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. संध्याकाळी निघाली की नाही, कुणी पाहिलं?"

"अहो, निघाली की चिठ्ठी येते तसा निरोप येतो संगणकावर."

"निरोपावर माझा विश्वास नाही."

ऐकलंत? भर गर्दीत रस्त्यावर गादी पसरायची आणि लोक खोळंबले की रस्त्याला शिव्या घालायच्या!

ताईंनी वाद घातला नाही. चेंगरलेली तार काढून नवी टाकली. माझ्या पाठीत तार खोचायची आणखी एक खाच होती, नऊ वर्षं नुसती धूळ खात पडलेली. दुसरी तार त्यांनी त्या खाचेत बसवली आणि थेट शेजारच्या पेटीला जोडली. फोटोंची वाट वेगळी, प्रतीची वेगळी. साहेबांनी खुशाल दहाला बघत बसावं!

दुसऱ्या दिवसापासून रुग्णाच्या सदऱ्याची बटणं लावून होत नाहीत, तोवर फोटो डॉक्टरांसमोर. साहेब खाली माझ्यासमोर उभे असतानाच त्यांना डॉक्टरांचा फोन आला, "नवं यंत्र घेतलंत का हो?"

साहेब हसले. "घ्यायची गरजच पडली नाही. जरा डोकं लावलं."

लावलं! कुणाचं, ते काही बोलले नाहीत.

महिना संपला. ताई हसतमुखाने वही घेऊन उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "एकही तक्रार नाही ताई. छान. मग आता तुमचं इथे काम तरी काय उरलं? उद्यापासून नका येऊ."

"साहेब, तक्रार नाही, कारण मी रोज बघते."

"यंत्र आपोआप चाललंय की!"

ताईंनी वही मिटली. माझ्या पाठीवरची धूळ पदराने पुसली, "नीट राहा रे" म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. माझे पंखे संतापाने भणभणत होते. साहेब म्हणाले, "बघा, कसा जोमात चाललाय!" देवा, साहेबांना ऐकू जाईल असं तोंड मला का दिलं नाहीस?

मित्रांनो, यंत्र अडलं तर लाथ उगारण्याआधी त्याच्यावर काय लादलंय ते बघा. आणि ते सुरळीत चाललं तर 'आपोआप' हा शब्द तोंडातून काढू नका. त्या एका शब्दाने एका बाईची भाकर काढून घेतली. उद्या तुमच्या आजीच्या छातीचा फोटो डॉक्टरांसमोर झटकन उघडेल, आजाराचं निदान वेळेवर होईल आणि तुम्ही देवाला हात जोडाल. जरूर जोडा. पण ते हात खाली घेण्याआधी तारवाल्या ताईंची आठवण काढा. एवढंच मागतो.