टेबलाखालून

माझा धंदा दात बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे माझ्याकडे पाठवतात आणि मी कवळ्या, कॅप असलं घडवतो. चित्रकला मला कोणी शिकवली नाही. सिरॅमिकच्या दातावर बारीक ब्रशनं रंग चढवता चढवता हात बसला आणि एक दिवस तोच ब्रश कागदावर टेकवला. विषय शोधायला कुठे जावं लागलं नाही. ते रोज पहाटे फुकटात मिळतात.

नियम एकच. स्वप्न कागदावर उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोललो की स्वप्न पळालंच. बायकोला हे पाठ झालंय. "उठले मौनीबाबा," म्हणते आणि आपला चहा घेऊन गॅलरीत जाते. अशा मुक्या सकाळींतून सात चित्रं झाली. वाचनालयाच्या हॉलात ती लावायची ठरली. ग्रंथपालानं आठ मागितली आणि माझं घोडं आठव्यावर अडलं.

आठवं स्वप्न महिनाभर रोज येत होतं. मी टेबलाखाली बसलोय. वरून टेबलक्लॉथ लोंबतोय, पिवळट, उजेड त्यातून झिरपतोय. त्याची कड माझ्या मुठीत आहे आणि बोटांना काहीतरी खरखरीत लागतंय. मग मी दचकून जागा होतो. टेबलावर काय आहे ते एकदाही दिसलं नाही.

झोपेची भीतीच बसली. दिवसा हात चुकायला लागला. एका बाईंच्या पुढच्या दाताला मी अशी शेड दिली की त्या हसल्या की तेवढा एकच दात आधी हजर. डॉक्टरीणबाईंनी तो परत पाठवला, सोबत चिठ्ठी : जरा झोप काढा.

"दुसरं काहीतरी काढा ना," बायको म्हणाली. "फुलं काढा. लोकांना फुलं आवडतात."

मी तिच्यावर खेकसलो. बिचारीचं काय चुकलं होतं? पण प्रदर्शन गेलं खड्ड्यात असं मला वाटायला लागलं होतं. टेबलावर काय होतं ते कळल्याशिवाय मला धड झोप लागणार नव्हती.

रविवारी ताई आली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. नऊ वर्षांची असताना तिच्या हातून उकळत्या पाण्याची किटली पडली, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. तेव्हापासून तिचं नावच पडलं, धांदरट. बाबा होते तोवर तिला काचेचं भांडं उचलू देत नसत. मीही काही कमी नव्हतो. त्या दिवशी ती कपबशी उचलायला गेली आणि मी सवयीनं म्हणालो, "जपून गं बाई, सेट नवा आहे." ती हसली. ती नेहमीच हसते.

चहा झाल्यावर तिला कामाच्या खोलीत नेलं. दाताची शेड ठरवायची एक रीत आहे. नमुन्याचे दात खिडकीच्या उजेडात ओठांशी धरायचे आणि पाच मोजायच्या आत ठरवून टाकायचं. जास्त बघितलं की डोळे थकतात आणि सगळं सारखंच दिसायला लागतं. त्या टेबलक्लॉथच्या रंगावर माझे डोळे केव्हाच थकले होते. म्हणून पिवळ्याच्या पाच पट्ट्या रंगवून ठेवल्या होत्या आणि येईल त्याला पकडून विचारत होतो. बायकोनं दुसरी सांगितली, ग्रंथपालानं पहिली. मी पट्ट्या चित्राशेजारी धरल्या.

"ताई, विचार करू नकोस. ह्यातली कुठली?"

"तिसरी," ती लगेच म्हणाली. "पण कडेला हिरवी दोरी शिवलेली होती, ती नाही काढलीस."

चित्रात कड नव्हतीच. मूठ काढली होती आणि मुठीतलं कोरं सोडलं होतं. ते खरखरीत काय लागतं, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आपण बोलून गेलो, हे ताईच्या लक्षात आलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"कुठली दोरी?" मी विचारलं.

"जाऊ दे रे. फार जुनं आहे."

"ताई, महिना झाला, मला झोप नाही. टेबलावर काय होतं?"

तिनं माझ्या हातातल्या पट्ट्या घेऊन बाजूला ठेवल्या. "किटली," शेवटी म्हणाली. "आई ठेवून आत गेली होती. मी खुर्चीवर बसून अभ्यास करत होते. तू खाली खेळत होतास, खिदळत होतास. टेबलक्लॉथ ओढलास आणि किटली माझ्या हातावर आली. तू टेबलाखाली होतास म्हणून वाचलास. तीन वर्षांचा होतास."

मला आधी राग आला, आणि तोही तिचाच. "मग बोलली का नाहीस? सगळे तुला धांदरट म्हणतात. मी म्हणतो!"

"आई म्हणाली, तो लहान आहे, त्याच्या मनाला लागून राहील. आपण बाबांना सांगू, तुझ्याच हातून पडली."

"आणि तू ऐकलंस?"

"नऊ वर्षांची होते रे. मला वाटलं, मी मोठी आहे."

मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. समजूतही तिनंच घातली. त्याच हातानं पाठ थोपटत राहिली आणि मला ते सहन होईना.

ती गेल्यावर मी हिरवी कड रंगवली. चित्र पुरं झालं. त्या रात्री स्वप्न नाही, दचकणं नाही, गाढ झोपलो. उठलो तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. आपण इतके कसे झोपलो, ह्याची मला लाज वाटली.

ताईला फोन लावला. माफी मागायची होती, पण तिनंच आधी विचारलं. आवाज बसलेला होता.

"झोप लागली का तुला?"

"लागली."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला मात्र नाही लागली रे."