सिताराम मास्तरांचे डोळे

मेलेल्या माणसाचे डोळे मागायची नोकरी! परभणीच्या एका दवाखान्यात सूर्यभानला हे काम लागलं, तेव्हापासून लोक त्याला बघितलं की दार लावून घ्यायचे. "गिधाड आलं," हे तोंडावर ऐकून घ्यायचं आणि वर हात जोडायचे. डोळे काढायचे तर माणूस गेल्यावर काही तासांतच, घरात रडारड ऐन भरात असताना. आजवर एकानंही हो म्हटलं नव्हतं.

बाहत्तर साली झरीच्या बौद्धवाड्यातले सिताराम मास्तर गेले. सूर्यभान डॉक्टरांना घेऊन पोचला, तर मास्तरांचा भाऊ किशनराव अंगावरच धावला. "पुढल्या जल्मी आंधळा करता का माझ्या भावाला?"

मास्तरांची बायको कडूबाई प्रेताजवळून उठली. "दीक्षा घेतली तवाच पुढला जलम सोडला न्हवं आपण? मग त्याची काळजी कशापायी? न्या, डाक्टर." मग सूर्यभानला म्हणाली, "भाऊ, फकस्त एक करा. ज्याला बसवताल त्याला मास्तरांचं नाव सांगा."

सूर्यभाननं शब्द दिला.

बर्फाच्या थर्मासात डोळे घेऊन तो औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेला. देवीच्या आजारात डोळे गेलेली सेलूची पंचफुला तिथं ऑपरेशनसाठी भरती होती. तिच्या बापाची, आबासाहेबांची, ऑपरेशनला हो म्हणावं म्हणून मनधरणी करता करता सूर्यभानच्या चपला झिजल्या होत्या. बिचाऱ्याला आनंद मावेना. गेल्या गेल्या बोलला, "झरीच्या सिताराम मास्तरांचे डोळे हायत, आबासाहेब."

"कोण सिताराम? कोणत्या आळीतला?"

अरे बाबा, इथं तरी जीभ आवरायची! पण शब्द दिलेला. त्यानं सांगून टाकलं.

आबासाहेब उठले. मग लेकीचा हात धरून त्यांनी तिला खाटेवरून उतरवलं. "ऱ्हाऊ द्या. त्यांचे आमाला न्हाई पायजेत." पोरगी "का वो आबा, का?" करत चाचपडत त्यांच्यामागं गेली. तिथले डॉक्टर सूर्यभानवर खेकसले, "अक्कल चरायला गेली होती का? नाव सांगायची काय गरज होती?" दुसऱ्या पेशंटला बोलवायला माणूस धाडला, पण तो येईस्तोवर डोळे नासले. सूर्यभान जिन्याखाली जाऊन हमसून हमसून रडला. आबासाहेबांचा संताप आला होता आणि स्वतःचीही लाज वाटत होती.

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो झरीला गेला, खरं काय ते सांगायचंच असं ठरवून. कडूबाईनं त्याला जवळ बसवलं. "दिसायलंय का वो त्या लेकराला?"

तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला खरं सांगवेना. "दिसायलंय," तो म्हणाला. "सेलूची पोरगी हाय."

"बाई गं! सेलू म्हंजे जवळच की." कडूबाईच्या डोळ्यांना धार लागली. "भाऊ, मला एकदा तिच्यापुढं नेऊन उभं करा. मास्तरांच्या डोळ्यांनी मला एकदा बघू द्या. मग कायबी मागायची न्हाई मी."

सूर्यभान तोंड उघडेपर्यंत ती उठलीसुद्धा. "थांबा, लुगडं बदलून येते," म्हणत ती आत गेली.