शून्यमासातली खरेदी

सोमवारी खरेदीखत झालं नाही तर साडेचार लाखांचा टॅक्स बसणार होता, आणि पार्वतम्मा सही करायला तयार नव्हती. बसूच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

तसं प्रकरण सरळ होतं. सोलापुरातल्या भवानी पेठेतलं ते घर नवऱ्यानं पार्वतम्माच्या नावावर घेतलेलं, वीस-बावीस वर्षं भाड्यानं दिलेलं. बसूनंच, म्हणजे तिच्या लेकानंच, मागं लागून ते विकायला लावलं. भिंतींना ओल आलीय, भाडं ते केवढं येतं, त्यापेक्षा नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊ, सगळे ऐसपैस राहू. खोटं नव्हतं की ते. दोन खोल्यांत बसू, त्याची बायको श्रीदेवी, दोन पोरं आणि अव्वा, म्हणजे पार्वतम्मा. सकाळी बाथरूमला नंबर लावायचे. विक्रीच्या नफ्यावर टॅक्स नको म्हणून करसल्लागार गुरुशांतनं पैसे बँकेतल्या त्यासाठीच्या खास खात्यात ठेवायला लावले आणि बजावून सांगितलं, की तयार घर घ्यायचं तर विकल्यापासून दोन वर्षांत घ्या, आणि अव्वांच्याच नावावर. एक दिवस जरी पुढं गेला तरी मग माझ्याकडं येऊ नका.

फ्लॅट बघण्यातच दीड वर्ष गेलं. एकाला पार्किंग नव्हतं, एकाचं स्वयंपाकघर श्रीदेवीच्या मनात भरेना. शेवटी एक जमला, बयाणा दिला, तोवर मुदत अंगावर आली. आणि ऐन वेळी अव्वानं शून्यमास काढला, संक्रांतीआधीचा तो अशुभ महिना. संक्रांत होईतोवर घरात नवी वस्तू आणत नाहीत, मग अख्खं घर कसं घ्यायचं? संक्रांत बुधवारी आणि मुदत सोमवारी. घ्या आता. नको म्हणायचं झालं की अव्वा कानडीत शिरायची. "बेडा," म्हणायची आणि शेंगा निवडायला बसायची.

बसूनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. श्रीदेवीला पुढं केलं, ती चार शब्द ऐकून परत आली. मग मठातल्या शिवयोगी अय्यांना घरी आणलं. अय्या शहाणा माणूस. सही हे सरकारी काम, त्याला कसला आलाय शून्यमास, घरात पाऊल तेवढं संक्रांतीनंतर टाका, असं त्यांनी गोड शब्दांत समजावलं. अव्वानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, दक्षिणा दिली, गरम दूध प्यायला लावलं. दारापर्यंत पोचवून आली आणि बसूला म्हणाली, "बेडा."

शनिवारी बसू गुरुशांतच्या ऑफिसात जाऊन बसला. दुसरी काही वाट निघते का म्हणून त्यानं हात जोडायचे तेवढे जोडले. प्लॉट घेऊन बांधायचं तर आणखी एक वर्ष मिळतं, गुरुशांत म्हणाला, पण तुमच्याकडं प्लॉट कुठाय? मग त्यानं फाईल उघडून विक्रीची तारीख पुन्हा दाखवली. बारा जानेवारी.

बसू त्या तारखेकडं बघत राहिला. बारा जानेवारी म्हणजे तेव्हाही संक्रांत व्हायची होती. म्हणजे घर विकलं तेव्हासुद्धा शून्यमासच होता की. अव्वानं तेव्हा गपचूप सही केली होती, हूं की चूं केलं नव्हतं. बसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीला किक मारून तो तडक घरी आला.

अव्वा स्वयंपाकघरात चटणी कुटत होती. श्रीदेवी पोरांना घेऊन बाहेर गेलेली.

"अव्वा, विकताना शून्यमास कुटं गेला होता?"

अव्वाचा हात थांबला.

"शून्यमासाचं काय न्हाय त्यात," ती म्हणाली. "टॅक्स भरला तर उरलेले पैसे माझे. घर घेतलं की घर तुझं."

"नाव तुझंच लागणार हाय की."

"नाव घेऊन काय चाटू?"

मग ती बोलायला लागली, तेही चटणीकडं बघत. एक तारखेला भाडेकरू यायचा, दारात चप्पल काढायचा, पैसे हातावर ठेवायचा. त्यातून तिची औषधं व्हायची, माहेरच्या लग्नांत आहेर व्हायचा, नातवांच्या हातावर काहीबाही ठेवता यायचं. घर गेलं, ते सगळं गेलं. आता गुडघ्याच्या गोळ्यांनाही सुनेकडं बघायचं. "श्रीदेवी देते, न्हाय म्हणत न्हाय. पण मागावं लागतं, बसू. परका माणूस न मागता देत होता." हे लेकाला तोंडावर कसं सांगायचं ते कळेना, म्हणून शून्यमास काढला, एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले.

बसूचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मागच्या महिन्यात तिनं मेडिकलमधून गोळ्यांची अर्धीच पट्टी आणलेली त्यानं पाहिली होती. का, म्हणून साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

"घेतलेलं घर भाड्यानं दिलं तरी हा टॅक्स लागत न्हाय," तो म्हणाला. "सोमवारी चल. भाडेकरू मी बघतो."

"आणि तुमी? पोरं हितंच दाटीवाटीत राहणार?"

बसूनं तिच्या हातातला बत्ता घेतला आणि उरलेली चटणी स्वतःच कुटली. अव्वा हो म्हणाली नाही, पण बेडाही म्हणाली नाही. रविवार बसूनं कसा काढला ते त्यालाच ठाऊक.

सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसात ही गर्दी. फ्लॅटवाला दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, गुरुशांत फाईल घेऊन येरझाऱ्या घालत होता. ऑफिस बंद व्हायला आलं तेव्हा कुठं त्यांचं नाव पुकारलं. कारकुनानं कागद पुढं सरकवला, पेन दिलं. अव्वानं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"भाडेकरू कुटं हाय?" तिनं विचारलं.

"मिळाला की."

"नाव काय त्याचं?"

कारकून वर बघायला लागला. गुरुशांतनंही मान वळवली.

"बसवराज पंचाक्षरी बिराजदार," बसू म्हणाला. "बायको, दोन पोरं, आणि त्याची अव्वा."

पार्वतम्मानं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं, नव्या भाडेकरूला पाहावं तसं. मग खाली वाकून, सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

"एक तारखेला," पेन परत देता देता ती म्हणाली. "मी मागणार न्हाय."