तांबड्यातला फरक

"अहो, ही दोन एकसारखी नाहीत," शालन म्हणाली. हातात चहाचे कप होते आणि नजर टेबलावरच्या माझ्या तिकिटांवर.

"आत बघ, दूध उतू जाईल," मी म्हणालो.

"उतरवलंय मी दूध. हे डावीकडचं शेंदरी रंगाकडे झुकतंय, उजवीकडचं किरमिजी आहे. आणि तुम्ही दोन्ही एका रांगेत लावलीत."

समोर अभय बसला होता. हिंजवडीतला कॉम्प्युटरवाला, वय बत्तीस. पगार माझ्या पेन्शनच्या किती पट, ते विचारू नका. दर रविवारी सकाळी जुनी पोस्टाची तिकिटं घेऊन आमच्या धनकवडीच्या दोन खोल्यांत यायचा. राजाचं डोकं असलेल्या एक आण्याच्या लाल तिकिटाच्या वेगवेगळ्या छपाया नुसत्या नजरेनं ओळखाव्यात त्या पुण्यात नागोकाकांनीच, म्हणजे मीच, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा मीच असेन. पोस्टाच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं काढली मी. साहेब कधी झालो नाही, पण तिकिटांचा विषय निघाला की साहेब लोक माझ्यापुढे खुर्ची ओढून बसायचे.

अभयनं कॅटलॉग उघडला, भिंग लावलं, तिकिटांच्या कडेची भोकं मोजली. दहा मिनिटांनी म्हणाला, "काका, काकू राइट आहेत. दोन वेगळी प्रिंटिंग्ज आहेत ही."

अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! शालन तीस वर्षं साड्यांना फॉल लावते. तांबड्या साडीला अकरा तांबडे फॉल दाखवले तरी गॅलरीच्या उजेडात धरून बारावा मागणारी बाई. माझ्या कॅटलॉगात लाल चार. हिच्याकडे विटकरी, आमसुली, गुलबक्षी, कुंकवाचा, संपतच नाहीत. हे मला ठाऊक होतं. त्याचा तिकिटांशी संबंध असेल हे ठाऊक नव्हतं, आणि असायला नको होता.

पुढच्या रविवारी अभय चप्पल काढता काढताच म्हणाला, "काकू आहेत ना?" त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसातले दोन मित्रही आले. चहाबरोबर पोहे सुरू झाले. शालन गॅलरीत चिमट्यात तिकीट धरून "हे उन्हानं उडालंय", "हे मुळातच फिकं" असं सांगायची, आणि ती तिघं शहाणी पोरं वहीत उतरवून घ्यायची. मी खुर्च्या सरकवत होतो. घरात माझ्या शब्दाला किंमत नव्हतीच कधी, तिकिटांत होती. तीही गेली. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. स्वतःच्या बायकोवर, आणि तेही साठी उलटल्यावर!

एकदा म्हणालोसुद्धा, "जरा साड्यांकडे बघ. गिऱ्हाईकं ओरडतायत."

"ओरडणारं एकच गिऱ्हाईक आहे, ते घरातच आहे," ती म्हणाली.

त्यात माझी एक दुखरी नस होती. त्या एक आण्याच्या तिकिटाच्या एका छपाईत शाई गडद पडली होती. आमच्या मंडळींत त्याला डाळिंबी म्हणतात, आणि ते मोजक्यांकडेच आहे. मला चौऱ्याहत्तर साली जुन्या बाजारात रद्दीत मिळालं. माझं सगळं नाव झालं ते या एका तिकिटावर. मग एका प्रदर्शनात एका नागपूरकराकडे खरं डाळिंबी पाहिलं आणि कळलं. माझं साधं होतं. दमटपणानं काळवंडलेलं. त्याला आता दहा वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. कुणी पाहायला मागितलं की म्हणायचो, पुढच्या वेळी.

पण अभयनं विषय काढलाच. "काका, तुमचं ते फेमस डाळिंबी एकदा काकूंना दाखवू या ना. वेबसाइटवर टाकतो, तुमच्या नावानं."

तिघांसमोर नाही कसं म्हणणार? कपाटाची किल्ली हाताशी असून शोधत राहिलो. वयामुळे असेल म्हणून खपून गेलं. मनात म्हटलं, संपलं. ही बाई आता एका वाक्यात माझं इतक्या वर्षांचं नाव पुसून टाकणार.

शालननं माझं तिकीट आणि एक साधं, दोन्ही गॅलरीत नेली. उलटी केली, तिरपी धरली. एवढा वेळ तिला कधीच लागत नाही. मग आत आली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे.

"वेगळं आहे," ती म्हणाली. "यांचं अस्सल आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अभयनं फोटो काढला. मी हसलो, पण तिनं ओळखलं होतं हे मला कळलं. तिकीटही, आणि मलाही.

पोरं गेल्यावर मी विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"काय दिसायचंय? जेवायला बसा."

"शालन..."

ती पोळपाट पुसत राहिली. मग म्हणाली, "अहो, न जुळणारा फॉल जुळतोय म्हणून एकदा सांगितला ना, की पुढच्या साडीला आपलाच हात अडखळतो. मी यात पडायलाच नको होतं."

अभयला आत्ता फोन करतो, खरं सांगतो, असं म्हणायला हवं होतं मी. नाही म्हणालो. उलट, निर्लज्जपणानं सांगतो, त्या दिवशी दोन घास जास्तच गेले.

पुढच्या रविवारी अभयनं दोन तिकिटं तिच्यापुढे धरली. "काकू, जरा बघा ना."

शालन खाली बसून मोरपंखी साडीला फॉल टाचत होती. "यांना विचार रे. माझा चष्मा बदलायला झालाय, नीट दिसत नाही." आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात.

तिकिटं माझ्याकडे आली. अभय वही उघडून माझ्या तोंडाकडे बघत बसला. हेच तर हवं होतं मला. मी दोन्ही गॅलरीत नेली, तिच्यासारखी तिरपी धरली, उलटी केली. मला दोन्ही लाल दिसली. नुसती लाल.

"एकच आहेत," मी म्हणालो.

शालननं मान वर केली. बसल्या जागेवरूनच तिनं माझ्या हातातल्या तिकिटांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"थँक्स काका," अभय म्हणाला, आणि त्यानं दोन्ही तिकिटं एकाच पाकिटात टाकली.