उशिरा येणारा 'एक'

वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांच्या नाचसंगीतात व्हायोलावाल्यांच्या, म्हणजे व्हायोलिनचं मोठं भावंड वाजवणाऱ्या आमच्या वाट्याला 'दोन-तीन' एवढंच येतं. गोड धून मिरवायची व्हायोलिनवाल्यांनी, 'एक' वाजवायचा खर्जातल्या अगडबंब डबल बासने, आणि आम्ही आपले मान मोडेपर्यंत 'दोन-तीन, दोन-तीन'. मला याचा मनापासून राग येतो. पण गेले काही महिने तो राग गिळून बसले होते, कारण आमच्या छोट्या वाद्यवृंदात बास एकच, तो माझे बाबा वाजवायचे, आणि त्यांचा 'एक' उशिरा यायला लागला होता.

फार नाही, किंचित. बोटांचे सांधे आखडले होते. बाबांना मात्र उशीर होतोय याचा पत्ताच नव्हता. व्हायोलांची प्रमुख मी. त्यांचा 'एक' येईपर्यंत मी गज रोखून धरायची आणि माझ्याकडे बघून अख्खी रांग थांबायची.

नवा संचालक, म्हणजे समोर उभं राहून छडीने ताल देणारा आमचा छडीमास्तर, त्या दिवशी तालमीला आला तोच कपाळाला आठ्या घालून. वॉल्ट्झ रेंगाळतोय, कोण मागे ओढतंय ते आज शोधणार, आणि सापडेल त्याची खुर्ची रिकामी करणार, असं त्याने जाहीर केलं. बाबा निवांत गजाला राळ चोळत होते.

चार ओळी झाल्या आणि छडी थांबली. ती माझ्याकडे वळली.

"व्हायोला, बासकडे कान देऊ नका. छडीकडे बघा."

बाबांना उघडं पाडायचा हुकूमच होता तो, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. छडी हलली. बाबांचा 'एक' उशिरा पडला, आमचा 'दोन' ठरल्या वेळी आला. मी छडीवरची नजर हलवली नाही.

आणि वॉल्ट्झने गिरकी घेतली. 'एक' मागे राहिल्यामुळे 'दोन' घाईने आल्यासारखा वाटत होता, मग 'तीन' ऐसपैस. पाऊल टेकायच्या आत कुणी कमरेत हात घालून फिरवावं, तसं. आम्ही थांबत होतो म्हणून होणारं रेंगाळणं कुठच्या कुठे गेलं. बासरीवाली बसल्या जागी डुलायला लागली. छडीमास्तर चक्क हसला. हेच हवं होतं म्हणाला, आणि बासने 'एक' अगदी असाच ठेवावा म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मी मागे वळून पाहिलं, तर बाबा हसत नव्हते.

"मी मुद्दाम काही केलं नाही," ते हळूच म्हणाले. "मी उशिरा येतोय?"

"वॉल्ट्झमध्ये तसंच लागतं, बाबा."

"आणि आजपर्यंत तू माझ्यासाठी थांबत होतीस."

तेवढ्यात छडीमास्तरने पुढची रचना पुकारली. कवायतीचा मार्च. तिथे 'एक' म्हणजे सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं; जरा उशीर झाला की लगेच उघडं पडतं.

बाबांनी पान उलटलं. दुखरी बोटं एकदा उघडून मिटली.

"आता थांबू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी गज उचलला.