फडक्याची ओली बाजू

माझी थोरली लेक पहिल्यांदा बाळंत झाली त्या वर्षी माझा धाकटा भाऊ वेड्यांच्या इस्पितळात तिसरं वर्ष काढत होता, आणि मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांची पेटी पुसत होते.

पेटी लाकडी होती. मधून एक बोळ, पुढे दोन फाटे, एक डावीकडे, एक उजवीकडे. बोळात उंदीर सोडायचा, तो कुठे वळतो ते कारकुनाने लिहायचं. दर उंदरानंतर मी स्पिरिटच्या फडक्याने पेटी पुसायची. बारा वर्षं हेच. वरच्या फळीवरचे उंदीर सकाळी, खालच्या फळीवरचे जेवणानंतर. वरचे डावीकडे वळायचे, त्यांची पिल्लंही डावीकडे. खालचे उजवीकडे, त्यांची पिल्लंही तशीच. प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी त्यावर जाड पुस्तक लिहिलं होतं. वळण रक्तातून येतं, असं त्यात होतं म्हणे.

भावाने कारखान्याची शेड पेटवली होती. माणूस कोणी मेलं नाही. तीन वर्षांत त्याने कुणावर हातही उगारला नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. पण सोडायचं की नाही ते इस्पितळाची समिती ठरवायची, आणि समिती सरांचं मत मागवायची. आमचा बापही एके काळी त्याच इस्पितळात होता, हे सरांना कागदावरून कळलं.

मत आलं. डॉक्टरांनी मला प्रत दिली. त्याच वर्षी मी संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकत होते. बोट ठेवून ठेवून वाचायला मला पूर्ण रविवार लागला. 'चार पिढ्यांच्या उंदरांवरून सिद्ध झालेल्या नियमानुसार हा रुग्ण पुन्हा आग लावील. सोडू नये.'

सोमवारी मी सरांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"सर, माझ्या भावाला तुम्ही एकदा तरी भेटलात का?"

"गरज नाही. बाई, हातातून दगड सोडला तर तो खाली पडतो. मी दगडाला भेटायला जात नाही."

"तो दगड नाही. शर्टाची बटणं स्वतः शिवतो तो."

"आवडीनिवडी, राग, लाज, सगळं आधीच ठरलेलं असतं. तुम्ही आज इथे येऊन भांडणार हेसुद्धा. कालच मी यांना म्हणालो होतो." त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून हसला. त्याचं हसणंही पगारात धरलेलं होतं.

त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार पिढ्या, चार पिढ्या, हेच डोक्यात. त्या चारही पिढ्या मीच तर पुसल्या होत्या! पेटी पुसता पुसता मी पहिल्यांदाच माझ्या हाताकडे पाहिलं. सकाळी मी भिंतीच्या बाजूला उभी राहायचे, डावा फाटा आधी पुसायचे, उजवा शेवटी. जेवणानंतर खिडकीतून ऊन तोंडावर यायचं, म्हणून मी पेटीच्या पलीकडे जायचे. मग उजवा आधी, डावा शेवटी. शेवटी पुसलेल्या फाट्यात स्पिरिटचा वास ताजा, नाकाला झोंबेल असा. उंदीर काय करणार? दुसरीकडे वळणार.

तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी सरांसमोर मी भिंतीच्या बाजूने पेटी पुसली आणि खालच्या फळीवरचे उंदीर काढले.

"हे आत्ता का काढले? यांची पाळी दुपारी."

"बघा तर. डावीकडे जाईल."

गेला. दुसरा, तिसरा, तसेच. मग मी पलीकडे जाऊन पुसलं. "आता उजवीकडे." गेले. नऊ उंदरांत एकच चुकला. कारकुनाने लिहिणं थांबवलं. मी फडकं सरांच्या नाकापुढे धरलं.

त्यांनी फडकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हणजे कारण आहेच ना? नियम आहेच."

"आहे. पण तो रक्तात नाही, फडक्यात आहे. बारा वर्षांत कुणी मला विचारलं नाही, बाई, तुम्ही पुसता कसं? आता भावाचा कागद बदला."

"उंदरांचं चुकलं म्हणून माणसाचं चुकलं, असं होत नाही."

"मग उंदरांवरून माणसाचं बरोबर कसं निघालं?"

कारकुनाने मान खाली घातली. सर उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापासून पेटी दुसरं कोणीतरी पुसेल."

"पुसू दे. तिचा हात नीट बघा मग. नाहीतर तिच्याही नातवंडांची कुंडली मांडून बसाल."

घरी येऊन मी समितीला पत्र लिहायला घेतलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. अकरा दिवस लागले. फाटे, फळ्या, फडकं, सगळं लिहिलं. सुनावणीला सर आले होते, इस्त्रीच्या कोटात. अध्यक्षांनी माझं पत्र उचललं, दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "हे सफाई करणाऱ्या बाईंनी लिहिलंय?" सर म्हणाले, "हो. नात्यामुळे भावना आहेत. समजू शकतो मी." पाच मिनिटांत उठले सगळे. पुढची सुनावणी दोन वर्षांनी.

भावाला सांगायला मीच गेले. तो म्हणाला, "अक्का, त्यांनी लिहिलंय म्हणजे लावीनच का गं मी आग?"

मी म्हटलं, "नाही रे."

खरं तर मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. सरांना तर नव्हतंच, आणि सही फक्त त्यांची होती. त्यानंतर भावाने काडेपेटी दिसली तरी तोंड फिरवायचं ठरवलं. थंडीत वॉर्डातल्या शेगडीजवळही जाईना. परिचारिका सांगून थकल्या. कोपऱ्यातल्या ओलसर पलंगावर बसून राहायचा. सरांनी याची नोंद कुठेच केली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, सुनावणीला चार महिने उरले असताना, माझा धाकटा भाऊ न्यूमोनियाने वारला. जानेवारीची एकोणीस तारीख, गुरुवार, सकाळचे दहा. वय चौतीस.